रिकामी फेरी

“पण काम काय हाय तिचं?” रुपरावांनी विचारलं.

चंपत ड्रायव्हर काउंटरला कोपर टेकून उभा होता. भिवापूरहून आताच गाडी आणली होती त्यानं. पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला ओलं फडकं. “काम काही नाही म्हणे. बाईनं एवढंच सांगितलं, रुपाले म्हणा एकदा येऊन जाय.”

“असं कसं? वावराच्या धुऱ्याचं भांडण असन. नाहीतं छप्पर गळत असन.”

“मीबी तेच इचारलं. तं म्हणे, छप्पर गळलं असतं तं मी सुताराले बोलावलं असतं. भावाले बोलावून राहिली मी.”

पलीकडच्या टेबलावर देवाजी कारकून मान खाली घालून हसला. “रुपरावजी, बहीण बोलावते आन् तुम्ही तिले मालाची बिल्टी मागून राहिले.”

रुपरावही हसले. चेष्टेचा त्यांना राग येत नसे. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पोळा तोंडावर आला होता. भिवापूरकडे सध्या तुरळकच गाड्या जात होत्या, आणि येताना तर नुसत्या ताडपत्र्या फडकवत येत होत्या.

“जाईन ना,” ते म्हणाले. “पण रिकामी फेरी काहाले करू? मिरचीचा हंगाम येऊ दे.”

रिकामी फेरी हा शब्द त्या कचेरीत शिवीसारखा उच्चारला जाई. नागपूरच्या घाट रोडवरची ती ट्रान्सपोर्ट कंपनी काही फार मोठी नव्हती. चौऱ्याहत्तर साली डिझेल भडकलं तेव्हा तर गाड्या विकायची पाळी आली होती. त्या वेळी धाकटे शेठ मुंबईहून व्यवस्थापनाचा कोर्स करून आले आणि त्यांनी सगळ्या स्टाफला चहा पाजून एक गोष्ट सांगितली. माल नेण्यात नफा नसतो, परतीत असतो. गाडी जाते ती पोटासाठी, आणि भरून येते ती भरभराटीसाठी. प्रत्येक फेरीला हेतू पाहिजे, आणि एका हेतूवर चाक हलवायचं नाही. म्हातारे ड्रायव्हर जांभया देत होते. रुपराव मात्र कीर्तनात एखाद्याला साक्षात्कार व्हावा तसे ताठ बसले.

त्यांनी ते शब्द खरे करून दाखवले. कोराडीला वीजघराचं बांधकाम चालू होतं. तिकडे सिमेंट उतरवलं की गाडी तशीच पुढे सावनेरला काढायची आणि कापसाच्या गाठी भरून आणायच्या. कलकत्त्याला संत्री गेली की येताना चहाच्या पेट्या. कुठली गाडी कुठे रिकामी होणार आणि तिच्या आसपास कोण माल घेऊन बसला आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कंपनी तरली. शेठनी त्यांना हाताची खुर्ची दिली, वर पंखा लावून दिला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, “हे आमचे रुपराव. यांच्या गाडीत हवासुद्धा फुकट बसत नाही.”

माणसाला एखादं औषध लागू पडलं की तो ते ताप, खोकला, पाठदुखी सगळ्यावरच घ्यायला लागतो. रुपरावांचं तसं झालं. पाडव्याच्या दिवशी त्यांनी बायकोला समोर बसवलं आणि म्हणाले, “कांता, घरबी एक कंपनीच असते.”

“बरं,” कांताबाई म्हणाल्या. “मंग मी कोण तिच्यात? हमाल?”

पण रुपरावांनी मनावर घेतलं होतं. एका कामासाठी उंबरा ओलांडायचा नाही. बाजारात जायचं तर जाताना रद्दी न्यायची. सासुरवाडीला जायचं तर त्या गावातली वसुली साधायची. आजारी स्नेह्याला भेटायला मेयो दवाखान्यात जायचं तर वाटेतला दुसरा कोणी आजारी आहे का, ते आधी बघायचं. कचेरीत पाणी प्यायला उठले तरी देवाजी हाक मारायचा, “रुपरावजी, रिकामे चालले का? येताना काय भरून आणता?” आणि ते खरंच येताना त्याच्यासाठी पेला भरून आणत.

कीर्तनाचीही त्यांनी सोय लावली होती. जुन्या शुक्रवारीतल्या विठ्ठलाच्या देवळात चातुर्मासभर संध्याकाळी कीर्तन असे. देवळासमोरच पिठाची चक्की. रुपराव गव्हाचा डबा चक्कीवर ठेवत आणि दळण होईपर्यंत खांबाला टेकून कीर्तन ऐकत. आता कीर्तनाची गोडी ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, की पूर्वरंगात बुवा नुसती जमीन भिजवत असतात. उत्तररंगात आख्यान रंगू लागतं, चिपळ्या थांबतात, बायकांचे पदर डोळ्यांना लागतात, तेव्हा कुठे कोंब वर येतो. आणि नेमका तेव्हाच चक्कीवाला देवळाच्या पायरीशी येऊन खूण करायचा. रुपराव वाकून, खाली बसलेल्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत निघत. एकदा बुवांनी पाटावरूनच विचारलं, “पीठ झालं वाटते रुपरावांचं?” मंडळी हसली. “बसा हो, देव काही कच्चं वाढत नाही.” रुपरावांनी हात जोडले आणि गेले. पीठ गरम असताना चाळलेलं बरं असतं.

तर अशा माणसाला बहिणीनं काही काम नसताना बोलावलं होतं.

बायजाबाई त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या. पटकीच्या साथीत आईबाप गेले तेव्हा रुपराव दुपट्यातच होते. बायजाबाईंचं लग्न झालेलं होतं. मग नवराही गेला आणि त्या भिवापूरला माहेरच्या दोन खणांत परत आल्या. तिथे मिरचीचे सातरे आहेत, म्हणजे मोकळी आवारं, जिथे लाल मिरचीचे गालिचे पसरतात आणि बाया ओळीनं बसून देठ खुडतात. बायजाबाई त्या ओळीत बसल्या त्या बसल्याच. देठ खुडून त्यांनी भावाला मॅट्रिक केलं, नागपूरला धाडलं, उभं केलं. त्या हातांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही.

हे रुपराव विसरले होते, असं म्हणणं पाप होईल. उलट बाईंच्या फेरीइतका विचार त्यांनी कंपनीच्या कुठल्याही फेरीचा केला नव्हता. माघात मिरची निघते. नव्या मिरचीची पहिली गाडी आपणच भरायची. जाताना मिठाची पोती न्यायची, येताना मिरची. केबिनमध्ये बाईला बसवून आणायचं. वाटेत उमरेडला थांबायचं. तिथे प्रेमिलासाठी, म्हणजे त्यांच्या मुलीसाठी, एक स्थळ होतं. बाईच्या हातानं सुपारी फोडायची. मग नागपूर दाखवायचं, देवदर्शन घडवायचं, महिनाभर घरी ठेवून घ्यायचं. एवढी भरगच्च फेरी समोर दिसत असताना, आताच चिखलातून नुसतं तोंड दाखवून परत यायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

“छोटी रेल्वे सकाळी इतवारीहून सुटते,” कांताबाई म्हणाल्या. “रविवारी जाऊन संध्याकाळी वापस येता तुम्ही. काहाले जीव टांगून ठेवता तिचा?”

“तुले समजत नाही. आता गेलो तं मंग हंगामात जाणं होत नाही. दोनदा कोण सुट्टी देते?”

“मले एवढंच समजते, का तिनं आजवर तुम्हाले कधी बोलावलं नोतं.”

 रुपरावांनी मनात एवढंच धरलं, की बोलावलं नव्हतं त्या अर्थी घाई नसणार.

भाऊबीजेला संत्र्याचा हंगाम ऐन भरात. रुपरावांना मान वर करायला फुरसत नव्हती. त्यांनी हिरव्या काठांची साडी आणली, नीट बांधली, आणि चंपतच्या गाडीनं भिवापूरला पाठवली. चार दिवसांनी चंपत आला तो काउंटरवर न येता थेट आत, त्यांच्या टेबलापाशी आला.

“साडी दिली,” तो म्हणाला. “लय आवडली बाईले. हात फिरवत बसली.”

“बरं झालं.”

“सांजच्याले मले म्हणे थांब, फराळ करून जाय. मंग आंगणात ताट घेऊन आली. भाऊ नाही आला तं चंद्राले ओवाळतेत ना बाया.” चंपतनं गळ्यातला रुमाल काढून पुन्हा बांधला. “मले म्हणे, चंपता, कोण्या अंगाले हाय गा चंद्र? मी हात धरून दाखवलं, तवा ओवाळलं तिनं.”

रुपरावांची पेन्सिल थांबली. मग ते म्हणाले, “बीजेचा चंद्र केवढा, नखाएवढा. मलेबी दिसत नाही.”

“दिव्याभोवती रंगाचं कडं दिसते म्हणे तिले. डोस्कं दुखते. दाराची चौकट लागली कपायाले.” चंपतनं आवाज खाली आणला. “तुम्ही माहे साहेब हा, मी काय सांगू. पण माही गाडी उद्या खालीच जाऊन राहिली तिकडे. बसा म्हणतो मी. हंगामाचं हंगामात पाहू.”

खाली म्हणजे रिकामी. रुपरावांनी देवाजीकडे पाहिलं. देवाजी आज हसत नव्हता. “मोतीबिंदू असन,” तो म्हणाला. “माह्या सासऱ्याले असंच झालं होतं.”

“मंग?”

“मंग काय, काढला. पण डाक्तर लगेच नाही काढत. पिकू द्या लागते. कच्चा काढला तं डोया जाते.”

हे ऐकलं आणि रुपरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. मोतीबिंदू पिकावा लागतो, हे त्या काळी लहान लेकरूही सांगे; त्यात देवाजीचं काही चुकलं नाही. पण रुपरावांना त्यात आपल्या आखणीवर देवानंच मोहोर उठवल्यासारखं वाटलं. आता नेलं तरी डॉक्टर माघारी पाठवणार. माघापर्यंत पिकेल. म्हणजे त्याच फेरीत डोळ्यांचंही काम. त्यांनी चंपतबरोबर निरोप दिला, घाबरू नको, हंगामात येतो, डोळ्यांचं सगळं करून टाकू.

बाईंनी काय उत्तर दिलं, ते चंपतनं पुढच्या खेपेला सांगितलं. “बरं म्हणे.”

माघ आला. फेरी अगदी आखल्यासारखी झाली. शेठनी सुट्टी दिलीच, वर भत्ताही दिला. मिठाची पोती भिवापूरला वेळेवर उतरली, मिरचीचा माल तयार होता, भावही मनासारखा ठरला. रुपराव नवं धोतर नेसून सातऱ्यात गेले. ऊन नुकतं कलत होतं. डोळ्यांत पाणी येईल असा तिखट दरवळ, सगळीकडे लालच लाल, आणि बायांची ओळ. ओळीत बाई दिसल्या. बोटं झरझर चालत होती, देठ एका बाजूला, मिरची दुसऱ्या बाजूला. रुपराव मनाशी हसले. एवढं काम करते आहे, म्हणजे दिसतं आहे.

“बाई,” त्यांनी हाक मारली.

बाईंनी मान वर केली. चेहरा सगळा उजळला. पण त्या पाहत होत्या ते रुपरावांच्या डावीकडे, जिथे रिकाम्या पोत्यांची थप्पी होती.

“रुपा? आला का गा?”

शेजारची अंजनाबाई, जी त्यांच्याच ओळीत बसून म्हातारी झाली होती, हळूच म्हणाली, “इकडून, भाऊ. इकडून या समोर. आता काहीच नाही दिसत तिले.”

“मंग काम कसं करते?”

“देठ खुडाले डोये काहाले पायजेत?” बाईच म्हणाल्या. “हाताले माहीत हाय ना.” आणि पोत्यांच्या थप्पीकडे पाहून हसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघाली. चंपत गाडी हाकत होता, मधे बाई, दाराशी रुपराव. बाई पिशवी मांडीवर घेऊन लहान मुलीसारख्या बसल्या होत्या. उमरेडला पाहुण्यांकडे सुपारी फुटली. बाईंनी मुलाचा आवाज ऐकून “पोरगं शांत हाय” म्हणून सांगितलं. सगळं गोड झालं. प्रेमिलाचा होणारा सासरा तर म्हणाला, “भाऊ असावा तं असा. डोयाच्या इलाजाले गाडी घेऊन आला बहिणीले.”

पुढे रस्ता लागल्यावर बाईंनी विचारलं, “कीर्तनाले जातं का गा अजून? का सोडलं?”

“जातो ना.”

“मी बी जाते. कीर्तनाले कान पुरते. सांग मले, तुमच्या बुवानं कोणतं आख्यान लावलं होतं?”

रुपराव आठवून सांगू लागले. एक कोष्टी देवासाठी शेला विणत होता. जन्मभराची भक्ती त्या शेल्यात घालायची त्याची इच्छा. काठ काढता काढता दारावर थाप पडली. देवच आला होता, पावसात भिजत. आत येऊ का म्हणाला. कोष्टी म्हणाला, जरा थांब बाबा, एवढा काठ राहिला.

“मंग?” बाईंनी विचारलं.

रुपरावांनी दाराची काच खाली केली.

“मंग काय झालं गा?”

“मंग दळण झालं होतं माहं,” रुपराव म्हणाले. “उठून गेलो मी.”

चंपत समोर रस्त्याकडे पाहत राहिला. बाई इतकं हसल्या की त्यांना ठसका लागला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “मले माहीत हाय पुढचं.”

“काय होते?”

“काही नाही. देव रागावत नाही.” एवढं बोलून त्यांनी मान मागे टेकली, आणि नागपूर येईपर्यंत त्या झोपल्या की जाग्या होत्या, ते रुपरावांना कळलं नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं बाईंच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड टाकून पाहिलं, मग त्यांना बाहेर बाकावर बसवायला सांगितलं आणि रुपरावांना आत थांबवून घेतलं.

“कधीपासून कमी दिसत होतं?”

“पोळ्यापासून म्हणा. त्याच्याही आधीपासून असन. मोतीबिंदू पिकाची वाट पाहून राहिलो होतो साहेब.”

“हा मोतीबिंदू नाही.” डॉक्टर हळू बोलत होता. “काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढत जातो आणि आतली नस सुकते. यात पिकण्यासारखं काही नसतं. गेलेली नजर परत येत नाही.”

“ऑपरेशन?”

“आता उपयोग नाही.”

रुपरावांनी टेबलाची कड धरली. “लवकर आणलं असतं तं?”

डॉक्टरनं हातातली बॅटरी बंद करून खिशात ठेवली. “तेव्हा होती तेवढी कदाचित राहिली असती,” तो म्हणाला आणि पुढच्या रोग्याचा कागद ओढला.

बाहेर व्हरांड्यात ऊन आलं होतं. बाई बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. अंगावर हिरव्या काठांची साडी. रुपराव शेजारी येऊन बसले ते त्यांनी पावलांवरून ओळखलं.

“काय म्हणे गा डाक्तर?”

“थांबा म्हणे थोडं. पिकला नाही अजून.”

“बरं,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “गाडी भरून आली ना तुही? काही राहिलं तं नाही?”

“नाही राहिलं.”

“रुपा, मी पोयाच्या टायमाले बोलावलं होतं ना तुले, तवा दिसे मले. बाजूचं नाही दिसे, पण मधातलं दिसे थोडं. म्हटलं एकदा रुपाचं तोंड पाहून घ्यावं, मंग जाते तं जाओ.” त्या जरा हसल्या. “आता चंपत इचारे काम काय हाय, काम काय हाय. याले काय काम म्हणू मी?”

रुपराव बाकावर जवळ सरकले. बाईंनी हात उचलला आणि त्यांच्या तोंडापाशी आणला, पण बोटं लागायच्या आत तो थांबवला. सातऱ्यातल्या बायांना ही सवयच असते. हात राखेनं घासले, ताकात बुडवून ठेवले, तरी मिरची कातड्याच्या आत राहतेच. म्हणून लेकराच्या तोंडाला त्या कधी बोटं लावत नाहीत. बाईंनी हात उलटा केला आणि मनगटाची मागची बाजू भावाच्या कपाळावरून फिरवली. मग भुवयांवरून, नाकावरून, गालाच्या खळगीतून, सावकाश, घाई न करता.

“मिशी पांढरी झाली का गा?”

“झाली थोडी.”

“आपल्या बाबाची बी अशीच होती. तू नाही पाहिला.”

मनगट गालावरून वर गेलं आणि ओलं झालं. बाईंनी ते झटकन मागे घेतलं.

“लागला वाटते हात. डोयात गेली का मिरची?”

“थोडी गेली,” रुपराव म्हणाले.

“चोयू नको मंग. जाते आपोआप,” बाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात पदराखाली झाकून भावाच्या शेजारी बसून राहिल्या.